म्यानाच्या आतली लोकर

मंडळी, तलवारीवर बोलणारे पुष्कळ आहेत. मला आज म्यानाबद्दल बोलायचंय, आणि तेही इंग्लंडातल्या, अँग्लो-सॅक्सन काळातल्या.

१९३९ साली सफक परगण्यात सटन हू इथल्या टेकाडाखाली एक अख्खं गलबत पुरलेलं सापडलं. सातव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यातल्या तलवारीची मूठ सोन्याची, तांबड्या गार्नेट खड्यांची. पण पातं आजही बाहेर निघत नाही. गंजून म्यानातच बसलंय. त्याच्या घडणीतली नक्षी दिसली ती क्ष-किरणांत. म्यान होतं लाकडाचं, आतून लोकरीचं. हे आपल्याला कळतं ते त्या गंजामुळेच. लाकूड आणि कातडं मातीत कुजतात, पण लोखंडाला चिकटून असतील तर विरघळलेलं लोखंड त्यांच्या पेशींत झिरपतं आणि तिथंच घट्ट होतं. मूळ पदार्थ जातो, आकार राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली लाकडाची जात ओळखता येते, कातड्याचे केस कुठल्या बाजूला होते तेही दिसतं. पात्याला गंजापासून वाचवायला जे अस्तर घातलं, त्याची साक्ष गंजानंच जपून ठेवली. मला याचं अजून नवल वाटतं.

आता बांधणी बघा. दोन पातळ फळ्या, आतून पात्याच्या मापानं कोरलेल्या. लाकूड बरेचदा विलो किंवा पॉप्लर; या दोघांत फरक करणं जाणकारांनाही जड जातं. हलकं लाकूड, कोरायला सोपं. फळ्यांच्या आत मेंढीचं लोकरीसकट कातडं, केसाळ बाजू पात्याकडे. लोकरीत मेंढीच्या अंगचा स्निग्धांश असतो, त्यामुळे तलवार आत-बाहेर करताना पात्याला आपोआप तेलाचा हात फिरतो. लोकर पात्याला धरूनही ठेवते, म्हणजे तलवार म्यानात खडखडत नाही.

बाहेरून कातडं. ओलं असताना ताणून चढवायचं, शिवण मागच्या बाजूला. वाळलं की आकसून फळ्यांना आवळून बसतं. आपल्याकडे कातडं बाभळीच्या सालीनं कमावतात, तिकडे ओकच्या. त्या सालीतलं टॅनिन, म्हणजे कातडं कमावणारा तुरट पदार्थ, लोखंडाला लागलं की काळं पडतं. कातडं आणि पातं यांच्यामध्ये लाकूड आणि लोकर असण्याचा हाही एक फायदा, असं माझं मत आहे. काही म्यानांच्या तोंडाशी विणलेली पट्टी गुंडाळलेली असे.

कापडाचा लेखी पुरावाही आहे, तो युरोपच्या मुख्य भूमीवरचा. सेंट गॅलच्या ख्रिस्ती मठातल्या नोटकर नावाच्या साधूनं ८८० च्या दशकात फ्रँक लोकांचा सम्राट शार्लमेन याच्या आठवणी लिहिल्या. त्यात फ्रँक लोकांची तलवार येते: आधी म्यान, त्यावर कातडं, त्यावर पांढरंशुभ्र तागाचं कापड, चकचकीत मेणानं कडक केलेलं. बाहेर मेणकापड, आत स्निग्ध लोकर. पाणी पात्यापर्यंत पोचायला वाटच नको! मठातल्या माणसानं हे इतक्या बारकाईनं टिपलं, याबद्दल आपण त्याचे ऋणी आहोत.

राजघराण्यातल्या म्यानांवर सोनं चढलं, पण गाभा बदलला नाही. व्हिएन्नात पवित्र रोमन साम्राज्याची तलवार आहे, तिचं अकराव्या शतकातलं म्यान ऑलिव्हच्या लाकडाचं, वर १४ राजांच्या आकृतींचे सोन्याचे पत्रे.

इंग्लंडातल्या यॉर्क शहरात, कॉपरगेट रस्त्यावरच्या उत्खननात मात्र खुद्द कातडंच हाती आलं. तिथली जमीन पाण्यानं भरलेली, हवा शिरत नाही, म्हणून व्हायकिंग काळातली म्यानांची कातडी आवरणं टिकली, आणि शिवणीची भोकंसुद्धा मोजता येतात. कोरड्या मातीतल्या थडग्यांत असं नशीब नाही. तिथं जे काही आहे ते गंजाच्या थरात. पूर्वी उत्साहाच्या भरात कितीतरी पाती घासून लख्ख केली गेली. त्याबरोबर लाकूड, लोकर, कापड सगळं खरवडून गेलं, आणि ते आता कुठल्याही उपायानं परत मिळणार नाही. याचं मला फार वाईट वाटतं. आता प्रयोगशाळेत आधी क्ष-किरण छायाचित्र घेतात, मग गंजाचा कण न् कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासून नोंदवतात. पात्याला हात लागतो तो त्यानंतर, आणि पुष्कळदा तोही लावत नाहीत.