शरणपूरची माणसं

(दृश्य: शरणपूर रोड, सकाळची गर्दी)

या रस्त्यावरून रोज अख्खं नाशिक जातं. पण शरणपुरात शरण कोण आलं होतं?

१८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने इथे वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली पूर्व आफ्रिकेतली मुलं इथे आली, लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. इंग्रज त्यांना ‘नासिक बॉईज’ म्हणत. पोरांचे बाप्ये झाले, तरी ‘बॉईज’च.

त्यांतलाच जेकब वेनराइट. याओ समाजातला, नाव मात्र इंग्रजी. १८७३ साली स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला. सोबत्यांनी त्याचा देह शेकडो मैल वाहून किनाऱ्याला आणला. मरणाची नोंद झाडाच्या खोडावर कोरली ती जेकबने. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या अंत्ययात्रेत तो शवपेटीचा मानकरी होता.

(दृश्य: लिव्हिंगस्टनच्या थडग्याचा दगड, अक्षरं जवळून)

दगडावर काय कोरलंय? ‘विश्वासू हातांनी’ जमीन-समुद्र ओलांडून इथे आणलेला. हातांनी! त्या हातांच्या माणसांपैकी एकाचंही नाव नाही.

(दृश्य: कॉलेजबाहेरची चहाची टपरी)

आजही आफ्रिकेतल्या देशांतून मुलं नाशिकला शिकायला येतात. मागून हाक येते, ‘ए निग्रो’, ‘ए कालिया’. ‘हबशी’ हा शब्द मूळचा अॅबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा. मलिक अंबरच्या इतिहासात तो शोभतो. नायजेरियाच्या पोराला उद्देशून म्हटला की शिवी होते. मणिपूरच्या मुलीला ‘चिंकी’ म्हणणं तसंच. तिला तर आपल्याच देशात परकं ठरवलं जातं.

कुणी म्हणेल, पंचवटीत आपण रामालाही काळाराम म्हणतो. म्हणतो ना, पण हात जोडून. अनोळखी माणसाला रंगावरून हाक मारताना हात जोडलेले नसतात.

बातमीत वंश सांगायलाच हवा असेल, तर ‘कृष्णवर्णीय’ किंवा ‘आफ्रिकी वंशाचा’ हे शब्द आहेत. एरवी देशाचं नाव घ्यावं. आफ्रिका हा काही एक देश नाही. आणि माणूस समोरच उभा असेल, तर त्यालाच विचारावं.

टपरीवरच्या काकांनी विचारलं. मुलाने नाव सांगितलं. काकांची जीभ पहिल्याच अक्षराला अडखळली. त्यांनी गॅस बारीक केला, कान पुढे केला.

“परत सांग बरं, बाळा. सावकाश.”