डॉटरमधला जी-एच गप्प का बसला

नमस्कार मंडळी. मी आयुष्यभर मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं आणि आज मला बोलायचंय ते फक्त दोन अक्षरांबद्दल, जी आणि एच, ही दोघं जोडीनं ज्या शब्दांत येतात त्या शब्दांबद्दल. नाईट म्हणजे रात्र, लाईट म्हणजे उजेड, एट म्हणजे आठ, नेबर म्हणजे शेजारी, लाफ म्हणजे हसणे, इनफ म्हणजे पुरे, आणि कफ म्हणजे खोकला, आपला छातीतला कफ नव्हे बरं का, मुलं तिथे हमखास चुकतात. हे सगळं आपण सुरात घोकलंय, डी-ए-यू-जी-एच-टी-ई-आर डॉटर, डॉटर म्हणजे मुलगी.

एकदा पाचवीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, बाई, जी-एच म्हणायचाच नाही तर लिहायचा कशाला? मी म्हणाले, इंग्रजीत असंच असतं, पाठ कर. ती मुकाट्यानं खाली बसली. माझं ते उत्तर चुकीचं होतं आणि ते मला पुढे कितीतरी वर्षं टोचत राहिलं, कारण त्या जी-एचला कारण आहे आणि ते पाचवीच्या पोरीला कळेल इतकं सोपं आहे.

झालं असं की हजारेक वर्षांपूर्वी इंग्लंडात हा आवाज लोक चक्क उच्चारायचे. आपण ख़बर म्हणताना घशातून जो ख घासून काढतो ना, साधारण तसा. नाईट म्हणजे रात्र हा शब्द तेव्हा निख्त असा काहीतरी ऐकू यायचा, आणि के-नं सुरू होणारा दुसरा नाईट, म्हणजे सरदार, तो क्निख्त, त्यातला के-सुद्धा बोलायचे. तेव्हा तो आवाज नुसत्या एच-नं लिहीत. मग 1066 साली फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, फ्रेंच वळणाचे लेखनिक आले, आणि हळूहळू त्या आवाजासाठी जी-एच ही जोडी रूढ झाली. पुढे बोलण्यातून आवाज झिजत गेला, काही शब्दांत तो पार नाहीसा झाला तर काही ठिकाणी त्याचा फ झाला, म्हणून लाफ, कफ, रफ, टफ, इनफ. पण झिजणं पुरं व्हायच्या आत, 1476 मध्ये, विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, छापील पुस्तकं सगळीकडे पोचायला लागली आणि लोकांच्या डोळ्यांना एक स्पेलिंग सवयीचं होत गेलं. जीभ पुढे गेली, अक्षर मागे राहिलं.

याचं आपल्याला नवल वाटायला नको खरं तर. घरात आजोबांच्या वेळचं एखादं पुस्तक असेल तर उघडून बघा, नांव, कांहीं, तूं, जिकडे तिकडे अनुस्वार. तो अनुस्वार रिकामा नव्हता, नांव हा नाम-मधून आलाय, त्या म-चा माग त्या टिंबात होता. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आपण टिंब काढून टाकलं, इंग्रजांनी जी-एच ठेवला, एवढाच फरक. आता आपलं बरोबर की त्यांचं यावर वाद घालता येईल, पण मला विचाराल तर जी-एच राहिला हे फार बरं झालं, त्यामुळे शिकवायला केवढं तरी हाताशी येतं.

ते कसं, सांगते. तुमच्यापैकी कुणाची मुलं जर्मन शिकत असतील तर त्यांना विचारा. रात्र म्हणजे नाख्ट, आठ म्हणजे आख्ट, उजेड म्हणजे लिख्ट, मुलगी म्हणजे टोख्टर. जिथे इंग्रजीत जी-एच मुका, तिथे जर्मनमध्ये ख बोलतोय. आणि लॅटिनकडे गेलं की त्याच जागी क सापडतो. एट आणि ऑक्टोबर, ऑक्टोबर म्हणजे जुन्या रोमन कॅलेंडरमधला आठवा महिना. नाईट आणि नॉक्टर्नल, म्हणजे रात्री जागणारा, घुबडासारखा. राईट आणि करेक्ट, राईट आणि रेक्टँगल, म्हणजे ज्याचे सगळे कोन राईट अँगल तो. म्हणजे बघा, मुलांना नॉक्टर्नल हा अवघड शब्द वेगळा पाठ करायला लावायची गरजच नाही, नाईट तर येतोच, जी-एच काढा, क ठेवा, अर्धं काम झालं. आणि नॉक्टर्नलमधला नॉक्ट म्हणजे आपल्याकडचा नक्त, दिवसभर उपास करून रात्री जेवायचं ते नक्त व्रत, तेच.

वे म्हणजे वजन करणे, डब्ल्यू-ई-आय-जी-एच. याचा मूळ अर्थ होता वाहून नेणे. संस्कृतातला वह् धातू याचा सख्खा भाऊ, ज्याच्यापासून वाहन आलं, विवाह आला. लॅटिनच्या बाजूनं तोच व्हेईकलमध्ये बसलाय. लाईटची तर दोन घरं आहेत, स्पेलिंग एकच पण उजेडवाला लाईट वेगळ्या मुळाचा आणि हलका या अर्थाचा लाईट वेगळ्या मुळाचा, आणि हा हलका लाईट म्हणजे आपला लघु! लघुमधला घ आणि लाईटमधला जी-एच एकाच जुन्या आवाजाची दोन रूपं आहेत, हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी रात्री अकरा वाजता घरच्यांना उठवून सांगितलं होतं.

पण प्रत्येक जी-एच खानदानी असतो असं समजू नका. डिलाईट, म्हणजे आनंद, हा फ्रेंचमधून आलेला शब्द, त्यात जी-एच नव्हताच, लाईट-नाईटच्या संगतीनं मागाहून चिकटला. घोस्टमधला एचही असाच उपरा. जुन्या इंग्रजीत तिथे नुसता जी होता, कॅक्स्टननं छपाईच्या आधी बरीच वर्षं नेदरलँड्सच्या बाजूला काढलेली, तिकडच्या वळणानं तो एच आला असं अभ्यासक मानतात. म्हणून कुठलाही शब्द घेताना डिक्शनरीत व्युत्पत्ती बघायची, अंदाजानं नाती जुळवायची नाहीत.

आता त्या मुलीच्या डॉटरकडे येते. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी पुन्हा पाचवीलाच हा शब्द आला तेव्हा मी फळ्यावर एकाखाली एक लिहिलं, संस्कृत दुहिता, फारसी दुख्तर, जर्मन टोख्टर, इंग्रजी डॉटर. आणि मुलांना सांगितलं की ह, ख, ख, जी-एच, सगळ्यांवर बोट ठेवून खाली खाली या. मागच्या बाकावर सावंतवाडीकडची एक मुलगी होती, तिची आजी गोव्याची, ती उठून म्हणाली, बाई, आमची आजी माझ्या आईला धूव म्हणते, मग धूव पण यातच का? मी म्हटलं हो, यातच, दुहितापासूनच आलाय तो. ती फळ्याजवळ आली, धूव लिहिलं, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, पण याच्यात ह कुठाय? मग मी तिला द म्हणायला सांगितलं, मग ध म्हणायला सांगितलं, तोंडासमोर तळहात धरून. ध म्हणताना तळहाताला वारा लागला तशी ती वळली आणि सगळ्या वर्गाला ओरडून सांगितलं, द-च्या पोटात आहे.