काय हवंय तुम्हाला?

[पहाटेचा अंधार. तुर्भ्याचं भाजी मार्केट. टेम्पो, गोणी, पाठीवर ओझं घेतलेले माथाडी.]

पहाटेचे साडेचार वाजलेत. तुर्भ्याच्या एपीएमसीत माल उतरतोय. या गर्दीत सत्तरी ओलांडलेली एक बाई मोबाइलच्या उजेडात दुधी निवडतेय. नखानं हलकेच टोचून बघते, बाजूला ठेवते, दुसरा उचलते. तिला कोवळाच दुधी हवाय, बी न धरलेला. घरच्या भाजीला मी एवढी पारख करत नाही, असं ती म्हणाली. हा दुधी शिजून, वाटून, गाळून एका माणसाच्या नाकातल्या नळीतून पोटात जाणार आहे. एक बी राहिलं तरी नळी तुंबायची.

आम्ही तिला मावशी म्हणतो. पेशंट सिस्टर म्हणतात. मावशी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबातली. आई मिशनच्या दवाखान्यात आया होती, मावशी नर्स झाली, सगळी नोकरी ठाण्यात झाली. यजमान माथाडी होते, याच मार्केटच्या मसाल्याच्या गाळ्यांवर त्यांनी गोण्या वाहिल्या. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. सिडकोनं माथाडींसाठी बांधलेल्या कोपरखैरण्यातल्या घरात मावशी आता एकटी राहते. एकटी म्हणायचं, पण सकाळी सहाला तिच्या ओट्याशी तीन बायका उभ्या असतात.

[स्वयंपाकघर. कुकरची शिट्टी. मलमलचं फडकं पिळणारे हात.]

मऊ भात, मूगडाळ, दुधी, गाजर. चिमूटभर हळद, बेतानं मीठ, वर चमचाभर तूप. मिरची नाही, फोडणी नाही. काळ्या मसाल्याशिवाय ज्यांच्याकडे कालवण होत नाही, त्या नगरच्या बाईचा हा स्वयंपाक. शिजलं की मिक्सरमध्ये, मिक्सरमधून बारीक गाळणीत, गाळणीतून फडक्यात. नाचणीचं सत्त्व वेगळ्या भांड्यात. अंडं घातलेलं वेगळ्या भांड्यात, त्या भांड्याच्या कानाला लाल दोरा. तो दोरा कशासाठी, ते पुढे सांगतो.

सगळे डबे घेऊन या बायका लोकलनं खारघरला उतरतात आणि तिथून बस धरतात. परळचं टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. त्याच टाटा मेमोरियल सेंटरचं कर्करोग उपचार आणि संशोधनाचं मोठं केंद्र आता खारघरला आहे. परभणी, हिंगोली, मालेगावपासून बिहार-बंगालपर्यंतची माणसं इथं येतात. डोक्यामानेच्या कर्करोगाला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा तर आठवड्यातले पाच दिवस, असे सहा-सात आठवडे. गावी जाऊन परत येणं परवडत नाही. मग कुणी धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत थांबतं, कुणी चौघांत मिळून एक खोली भाड्यानं घेतं.

तोंडाच्या कर्करोगाचं मोठं कारण तंबाखू. गुटखा, खैनी, बायकांची मिश्री. शेक सुरू झाला की दोन-तीन आठवड्यांत तोंड आतून सोलवटतं. लाळ आटते, चव जाते, पाण्याचा घोटसुद्धा झोंबतो. काहींचा जबडा दोन बोटं मावतील इतकाही उघडत नाही. मग नाकातून पोटात नळी. दर दोन तासांनी साधारण एक पेलाभर पातळ अन्न, माणसाला बसतं करून, मोठ्या सिरिंजनं सावकाश सोडायचं. शेवटी स्वच्छ पाणी सोडून नळी धुवायची. हे सगळं करते त्याची बायको, नाहीतर आई, नाहीतर बारावी सोडून आलेला मुलगा. दवाखान्यात ते नीट शिकवतात. पण भाड्याच्या खोलीत मिक्सर नसतो, फ्रीज नसतो, कधी गॅसही नसतो.

हे सगळं आम्हाला आज माहीत आहे. सुरुवातीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

[आमच्या मंडळीची रविवारची उपासना. पेटी, ढोलकी, टाळ.]

काही वर्षांपूर्वीचा नाताळ. आमच्या मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चनं, अर्पणातून पैसे काढले, मोठ्या हौसेनं पुलाव केला, केक आणला, दीडशे पाकिटं भरली. मीही होतो, हाच कॅमेरा घेऊन. फूटपाथवर टेकलेल्या एका माणसाच्या हातात मी पाकीट ठेवलं आणि म्हटलं, “दादा, इकडे बघा.” त्यानं बघितलं. तोंडावरचा रुमाल बाजूला केला. त्याच्या नाकात नळी होती. त्यानं पाकीट दोन्ही हातांनी कपाळाला लावलं आणि शेजारी ठेवून दिलं. ते पाकीट त्यानं रागानं भिरकावलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तो फोटो मी कुणाला दाखवला नाही. या फिल्ममध्येही तो नाही.

मावशी माझ्या मागेच उभी होती. ती त्या माणसापाशी खाली बसली, फूटपाथवर, चांगल्या साडीनिशी, आणि तिनं विचारलं, “काय हवंय तुम्हाला?”

आमचं सगळं काम या एका प्रश्नातून उभं राहिलंय.

हा प्रश्न मावशीचा नाही. बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात तो आहे. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भीक मागत बसलेला असतो. येशू जातोय हे कळल्यावर तो ओरडायला लागतो. लोक त्याला गप्प बसवू बघतात. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि विचारतो, “मी तुझ्यासाठी काय करावं, अशी तुझी इच्छा आहे?” लहानपणी संडेस्कूलमध्ये मला वाटायचं, हे काय विचारणं झालं? आंधळ्याला काय हवं असणार? पण ज्याला रोज सगळे न विचारता नाणं टाकून जातात, त्याला कुणीतरी थांबून विचारतंय. त्याच्या तोंडून ऐकायचंय. बार्तीमय नाणं मागत नाही. म्हणतो, मला दिसू दे.

याकोबाच्या पत्रात आणखी थेट लिहिलंय. भाऊ उघडा आहे, त्याला रोजचं अन्न नाही, आणि तुम्ही म्हणालात, सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर खा, पण दिलं काहीच नाही, तर काय उपयोग? त्या नाताळानंतर मला वाटतं, दिलं पण विचारलं नाही, तरी दुखणं थोडंफार तेच.

शुभवर्तमानात येशूला लोकांचा ‘कळवळा’ आला, असं मराठी बायबल म्हणतं. वारकऱ्यांच्या अभंगांतलाच हा शब्द. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत तिथं जे क्रियापद आहे, ते आतड्यांच्या शब्दावरून आलेलं आहे. आपल्याकडे आजी म्हणायची, पोरासाठी आतडं तुटतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या भाषेतही माया पोटातच तुटत होती, हे मला फार जवळचं वाटतं.

[मावशीची वही. शाळकरी, दोनशे पानी. पानांवर तेलाचे डाग.]

ही मावशीची वही. नावं दाखवत नाही, मावशीनं बजावलंय. प्रत्येक पानावर एक माणूस. त्याला दवाखान्याच्या आहारतज्ज्ञांनी काय सांगितलंय, ते वर. तो कागद पाहिल्याशिवाय मावशी पेजेचा थेंबही देत नाही. खाली त्या माणसानं स्वतः काय मागितलं. वाचतो.

“गार पेज. कोमटही नको.” “सकाळी सातला नको, तेव्हा शेकाचा नंबर असतो. नऊला.” “मोबाइलचा चार्जर.” “गावाकडच्या मुलीच्या शाळेत फोन करून सांगा, वडील दवाखान्यात आहेत, फीसाठी थांबा.” “काही नको. जरा बसा.”

‘जरा बसा’ चार पानांवर आहे.

आणि एक पान आहे हिंगोलीकडच्या माळकरी बाबांचं. डबा उघडायच्या आधी त्यांनी हात जोडून विचारलं होतं, “सिस्टर, याच भांड्यात अंडंबिंडं शिजवता का?” मावशी म्हणाली, “हो बाबा, आजवर शिजवलं.” त्या दिवशी डबा परत आला. दुसऱ्या दिवशी नवं पातेलं, नवी गाळणी, नवं फडकं. अंड्याच्या भांड्याला लाल दोरा बांधला तो तेव्हा. अंड्याची भरपाई म्हणून बाबांच्या डब्यात मूगडाळ वाढवली, दूध घातलं, तेही आहारतज्ज्ञांना विचारूनच. बाबा शेवटपर्यंत जेवले. बाबा त्यांच्या पांडुरंगाचं नाव घ्यायचे, मावशी तिच्या प्रभूचं. नळीतून पेज दोघांच्या नावानं जायची.

लोक विचारतात, तुम्ही तिथं धर्म सांगता का? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सरळ देतो. नाही. पत्रकं नेत नाही. पुस्तकं नेत नाही. कुणी स्वतःहून म्हणालं, माझ्यासाठी प्रार्थना करा, तर मावशी तिथंच डोळे मिटते, तेही हळू आवाजात. ज्याला आपल्या हातच्या पेजेची गरज आहे, तो आपल्याला नाही म्हणू शकत नाही. अशा माणसासमोर बायबल उघडून बसणं मला अन्यायाचं वाटतं. उजव्या हातानं काय दिलं ते डाव्या हातालाही कळू देऊ नका, असं ज्या येशूनं सांगितलं, त्याच्या नावानं तर नाहीच.

[ठाणे. तलावपाळी. पाण्यावर संध्याकाळ. चर्चची घंटा.]

आम्ही प्रोटेस्टंट. पण या कामात ठाण्याचे कॅथलिक मित्रही आहेत. त्यांच्याकडे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची रीत आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं मित्रांसोबत ती सुरू केली. गरिबांच्या वस्तीत काम करणाऱ्या रोझाली राँद्यू या सिस्टरनं त्या पोरांना घरं दाखवली, बोलायचं कसं ते शिकवलं. आजही सोसायटीचे सभासद जोडीनं घरी जातात आणि जे ऐकलं ते बाहेर बोलत नाहीत. ‘दोघांनी जायचं’ हे आम्ही त्यांच्याकडून घेतलं. एकटा माणूस बोलत सुटतो. दोघं असले की एक तरी ऐकतो.

[खारघर. दुपार. भाड्याची खोली, बाहेर दोरीवर वाळत घातलेली साडी.]

आता एका नवरा-बायकोबद्दल. बीडकडचे. ऊसतोडीला जाणारे. त्याला नळी, बोलता येत नाही, उशाशी मुलीची जुनी पाटी. सहाव्या आठवड्यात मावशीनं नेहमीप्रमाणे विचारलं, “काय हवंय?” त्यानं पाटीवर लिहिलं, “तिला विचारा.”

तिला म्हणजे बायकोला. ती दाराशी बसून सिरिंज धूत होती. सहा आठवडे आम्ही तिच्या हातात डबा देत होतो, फडकं देत होतो, सूचना देत होतो. तिला कुणीच काही विचारलं नव्हतं. मावशीनंसुद्धा नाही. मावशीचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, पण तिचे डोळे भरून आले.

“बाई, तुम्हाला काय हवंय?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “केस धुवायचेत. निवांत. दार लावून.”

खोलीत चार कुटुंबं. न्हाणीघर एक, रांगेचं, थंड पाण्याचं. दोन महिन्यांत तिनं एकदाही डोक्यावरून मनसोक्त पाणी घेतलं नव्हतं. आणि खाणं? चहा आणि बिस्किटं. त्याला गिळता येत नाही, मग त्याच्यासमोर चावून कसं खायचं, म्हणून.

रविवारी उपासनेनंतर मावशी तिला कोपरखैरण्याला घेऊन आली. त्याच्यापाशी आमच्यातले दोघं बसले. गिझर लावला, शिकेकाई काढली, स्वच्छ टॉवेल दिला आणि मावशी बाहेर येऊन बसली. तिला सांगितलं, कितीही वेळ घे. ती बाहेर आली पाऊण तासानं. ओले केस पाठीवर सोडून पंख्याखाली बसली आणि बसल्या बसल्या झोपली. तेव्हापासून आमच्यातल्या सात घरांची न्हाणीघरं रविवारी दुपारी पेशंटच्या घरच्या बायकांसाठी मोकळी असतात. वहीत आता पानाच्या खाली आणखी एक ओळ असते, सोबत आलेल्या माणसाची.

त्या दुपारी आणखी एक गोष्ट झाली. मी कॅमेरा बंद केला होता, पण आवाज टिपायचं मशीन मावशीच्या ओट्यावर तसंच सुरू राहिलं. तो आवाज तिच्या परवानगीनं ऐकवतोय.

[पडदा काळा. फक्त आवाज. भांड्यांचा, मग पीठ मळल्याचा.]

जाग आल्यावर ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली होती. म्हणाली, “मावशी, पीठ आहे का जवारीचं? लई दिवस झाले, परात हाताला लागली नाही.” मावशी उठायला लागली तर तिनं खांद्याला धरून खाली बसवलं.

[भाकरी थापल्याचा आवाज. तव्यावर पाण्याचा हात फिरल्याची चर्र.]

“तुम्हाला किती भाकरी करू, मावशी?”

[बराच वेळ फक्त थापल्याचा आवाज.]

“एक. एक कर. जरा कडक भाज.”