आग्वादची बत्ती आणि तिची घंटा

गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्याच्या वाळूत उभं राहिलं की मांडवी नदीपलीकडे समुद्रात घुसलेलं एक लांबट भूशिर दिसतं. तेच आग्वाद. इथला किल्ला 1612 मध्ये बांधून झाला. लिस्बनहून निघालेली जहाजं महिनोन्‌महिने समुद्र तुडवत यायची आणि इथं गोडं पाणी भरून घ्यायची. किल्ल्यातली ती प्रचंड टाकी आजही शाबूत आहे.

पाणी मिळायचं, पण नदीत शिरणं जिकिरीचं होतं. मांडवीच्या मुखाशी पाण्याखाली वाळूचे बांध आहेत आणि ते जागा बदलत राहतात. पावसाळ्यात दर्या खवळला की हे मुख मोठ्या बोटींना बंदच. म्हणून तर खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी, म्हणजे बार्जसुद्धा पावसाळ्यात कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरी नदीत उतरतात आणि मग मुरगाव बंदर गाठतात. अशा ठिकाणी रात्री दिशा दाखवणारं कुणीतरी हवंच.

1864 मध्ये किल्ल्याच्या माथ्यावर दीपगृह उभं राहिलं. गोल, पांढरं, अंगानं भरलेलं. आत वर चढत जाणारा गोल जिना. आज पर्यटक त्याला पाठ करून फोटो काढतात, तेव्हा मला राहवत नाही. कारण या बुरुजाची खरी कहाणी दिव्याइतकीच घंटेची आहे.

जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा भव्य मठ होता. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारनं धर्मसंघ बरखास्त केले आणि मठ ओस पडला. 1842 मध्ये चर्चचं छत कोसळलं. त्या मठाची अजस्र घंटा आग्वादच्या दीपगृहात आली. एकेकाळी प्रार्थनेला बोलावणारी घंटा आता खलाशांसाठी किनाऱ्यावर टांगलेली होती!

1871 मध्ये ती पुन्हा हलली. पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चवर तिच्यासाठी मधोमध घंटाघर बांधलं गेलं. जुन्या गोव्यातल्या सी कॅथेड्रल या चर्चच्या सुवर्णघंटेखालोखाल गोव्यातली ही सर्वांत मोठी घंटा. पांढऱ्या पायऱ्यांचं ते चर्च सिनेमांतून सगळ्यांनी पाहिलंय. वर टांगलेली घंटा कुठून आली, हे फार थोड्यांना ठाऊक.

1976 मध्ये शेजारी नवं दीपगृह आलं आणि जुन्याचं काम थांबलं. तुम्ही जाल तेव्हा दोन्ही जागा एकाच दिवशी पाहा. सकाळी आग्वाद, मग नेरूळ, वेरे करत बेतीला या, फेरीबोटीनं पणजीला उतरा. धक्क्यापासून चर्च पायी जाण्याइतकंच दूर आहे.