श्वासनळी मोकळी झाल्यावर

(दृश्य : गोव्यात डिचोलीतलं घर, गणेश चवथीची संध्याकाळ. घुमट, शामेळ, कासाळे ही वाद्यं.)

घुमट आरतीत वरच्या पट्टीतली ओळ उचलायची तर छातीत दम लागतो. फुप्फुसाच्या कर्करोगात अनेकांचा नेमका तोच आधी जातो. गाठ कधी श्वासनळीच्या आत वाढते, कधी बाहेरून तिला दाबते. मोठ्या माणसाची श्वासनळी साधारण १५ ते २० मिलिमीटर रुंद असते. वाट ८ मिलिमीटरच्या खाली आली की चढावर धाप लागते, ५ च्या खाली गेली की बसल्या जागीही. श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो आणि घरचे म्हणतात, दमा असेल. इन्हेलर येतो. फरक पडत नाही.

(दृश्य : शस्त्रक्रियागृह, मॉनिटरवर श्वासनळीचा आतला भाग.)

१८९७ मध्ये जर्मनीत गुस्ताव किलियन यांनी कडक नळी घालून एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गात अडकलेलं हाड काढलं. आजही भूल देऊन तशीच नळी तोंडातून आत उतरवतात. गाठ लेझरने जाळतात, किंवा गोठवणाऱ्या सळीला चिकटवून तिचे तुकडे ओढून काढतात. दाब बाहेरून असेल तर आत स्टेंट, म्हणजे वाट उघडी धरणारी छोटी नळी, बसवतात. छातीवर चीर नाही. कर्करोग मात्र तिथेच असतो. किमो, रेडिएशन पेलायला थोडी उसंत मिळते.

आता खरा प्रश्न. नळी उघडली म्हणजे माणसाला बरं वाटलं का? अमेरिकेतल्या एका रुग्ण-नोंदणीत १५ केंद्रांमधल्या अशा १,११५ प्रक्रिया तपासल्या गेल्या. निष्कर्ष २०१५ मध्ये आले. ९३ टक्के वेळा वाट मोकळी झाली. पण ज्यांची धाप मोजली, त्यांतल्या ४८ टक्क्यांनाच ठळक आराम पडला. जगण्याचा दर्जा सुधारला तो ४२ टक्क्यांचा. आधी ज्यांची धाप जास्त, त्यांना फायदाही जास्त.

म्हणून डॉक्टरांनी आधी विचारलेलं बरं : काका, तुम्हाला काय करता यायला हवं? उत्तरं साधी असतात. उशांची चळत न लावता झोपणं. न थांबता पेज संपवणं. न्हाणीपर्यंत कुणाचा हात न धरता जाणं. (आरती म्हणायची, असं सांगणाराही भेटतोच.)

(दृश्य : ओसरी, नेब्युलायझरचा मास्क.)

स्टेंटमध्ये कफ सुकून अडकतो, म्हणून सलाइनची वाफ घ्यावी लागते. स्टेंट सरकतो, टोकांशी मांसही वाढतं. धाप अचानक वाढली तर १०८ ला फोन करायचा, आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाला पहिल्याच वाक्यात सांगायचं : यांच्या श्वासनळीत स्टेंट आहे.