खरकट्याचा गॅस आणि निफाडची थंडी

नमस्कार श्रोतेहो. लंडनची ॲश्डेन ही धर्मादाय संस्था २००१ पासून शाश्वत ऊर्जेच्या कामाला पुरस्कार देते. कागदावरच्या कल्पनेला तिथे फारसा भाव नाही, लोकांच्या घरात चालणारं काम दाखवावं लागतं. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्याच्या ‘आरती’ संस्थेला तो दोनदा मिळाला: २००२ मध्ये उसाच्या पाचटाच्या कोळशासाठी आणि २००६ मध्ये खरकट्यावरच्या छोट्या बायोगॅससाठी.

हा बायोगॅस म्हणजे प्लास्टिकच्या दोन टाक्या. हजार लिटरची खाली, साडेसातशेची तिच्यात उपडी. गॅस धरला की वरची उचलते. संस्थेच्या हिशेबाने दोन किलो पिष्टमय खाद्यातून, म्हणजे खराब पीठ, किडकं धान्य यांतून, दिवसाला अर्धा किलो मिथेन मिळतो. ओलं खरकटं असेल तर वजन अर्थातच जास्त लागणार.

सुरुवात शेणकाल्याने करा. पहिले काही दिवस टाकी उचलते, पण गॅस पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि थोडी हवाही असते. तो मोकळ्यावर सोडून द्या, काडी लावून बघू नका. ज्योत स्थिर झाली की खाद्य मूठमूठ वाढवा. इथेच बहुतेकांची घाई नडते. खाद्य जास्त झालं की आम्ल साचतं, मिथेनचे जिवाणू मंदावतात आणि टाकीला आंबट वास सुटतो. मग काही दिवस खाद्य बंद, दुसरा इलाज शोधू नका. आपल्याकडे नाशिकला कांद्याची सालं आणि वायनरीतला द्राक्षाचा चोथा फुकट मिळतो म्हणून लोक टाकीत ओततात. चोथा मुळातच आंबट, बिया कुजता कुजत नाहीत.

नळी टाकीकडे उतरती ठेवा, नाहीतर पाणी साचून ज्योत फडफडते. सिलिंडरच्या शेगडीचं जेट बारीक पडतं, त्याचं भोक मोठं करून घ्यावं लागतं.

आणि थंडी! निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा गॅस निम्म्यावरही येऊ शकतो. टाकी उन्हात ठेवा, कोमट पाण्यात खाद्य कालवा, खाद्यही कमी करा.

नाशिकमधून कुणी अशा पुरस्कारासाठी अर्ज करणार असेल, तर मे महिन्याचे आकडे पुढे करू नका. रोजचं खाद्य किती, शेगडी किती मिनिटं चालली, हे जानेवारीचं लिहा. बंद पडलेल्या टाक्या किती आणि का, तेही मांडा. पाहणीला आलेला माणूस आधी तेच विचारतो.