पाळक कोणी निवडायचा? व्हर्जिनियातल्या अँग्लिकन पॅरिशची गोष्ट

मंडळी, आजचा विषय लांबचा आहे. अठराव्या शतकातली व्हर्जिनिया, इंग्रजांची वसाहत, आणि तिथल्या अँग्लिकन चर्चमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये, पाळक निवडायची पद्धत. धर्म शिकवणारा माणूस निवडतो कोण, त्याच्या पोटाची सोय कुणाच्या घामातून होते आणि त्याला काढायची ताकद कुणाकडे असते, हे पाहिल्याशिवाय त्याचा उपदेश कळत नाही असं मला वाटतं. व्हर्जिनियाच्या कागदपत्रांत हे सगळं इतकं उघड दिसतं की त्यासाठी एवढ्या लांब जायला हरकत नाही.

पोटोमॅक नदीकाठी 1732 साली ट्रुरो नावाचा नवा पॅरिश काढण्यात आला. पॅरिश म्हणजे नुसती चर्चची इमारत नव्हे. मैलोन्‌मैल पसरलेला मुलूख, विखुरलेले तंबाखूचे मळे, आणि रविवारी घोड्यावरून येणारी माणसं. गरिबांना मदत, अनाथांची सोय, जमिनींच्या हद्दी फिरून पक्क्या करणं ही कामंही पॅरिशकडेच. हा सगळा कारभार साधारण बारा जणांचं एक मंडळ पाहायचं. त्याला व्हेस्ट्री म्हणत.

ट्रुरोनं सुरुवातीला इकडचे तिकडचे पाळक बोलावून भागवलं. मग व्हेस्ट्रीपुढे चार्ल्स ग्रीन हे नाव आलं. हा पेशानं डॉक्टर. त्याची शिफारस करणारे ऑगस्टिन वॉशिंग्टन, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन यांचे वडील. ग्रीनला अजून दीक्षा, म्हणजे पाळक म्हणून काम करायचा धार्मिक अधिकार, मिळालेली नव्हती. तो इंग्लंडला गेला, दीक्षा घेऊन 1737 मध्ये परतला आणि मरेपर्यंत ट्रुरोचा पाळक राहिला. त्याच्यामागे व्हेस्ट्रीनं पुन्हा तसंच केलं. ली मॅसी हा फेअरफॅक्स काउंटीतला वकील. व्हेस्ट्रीनं त्याच्या नावाची शिफारस केली, तोही समुद्र ओलांडून दीक्षा घेऊन आला आणि 1767 मध्ये त्यानं पॅरिश हाती घेतला. त्या वेळी व्हेस्ट्रीत जॉर्ज वॉशिंग्टन होते, जॉर्ज मेसन होते. आधी डॉक्टर, मग वकील. लंडनहून येणाऱ्या अनोळखी पदवीधरापेक्षा ज्याची चालचलणूक वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर आहे असा शेजारी त्यांना जास्त भरवशाचा वाटला. मला त्यात शहाणपण दिसतं.

पण दीक्षेसाठी लंडन कशाला? कारण अँग्लिकन पंथात दीक्षा फक्त बिशप देऊ शकतो, आणि अमेरिकेतल्या एकाही वसाहतीत बिशप नव्हता. लंडनच्या बिशपांचा प्रतिनिधी तेवढा व्हर्जिनियात असायचा. जेम्स ब्लेअर यांनी 1689 पासून 1743 मध्ये मरेपर्यंत ते पद सांभाळलं, विल्यम अँड मेरी कॉलेज उभं केलं, पण एकालाही दीक्षा देणं त्यांच्या अधिकारात नव्हतं. त्यामुळे पाळक व्हायचं तर शिफारसपत्रं गोळा करा, जहाजाचं भाडं जमवा, कित्येक आठवडे समुद्रावर काढा आणि जिवंत परत या. डेव्हरो जॅरट हा न्यू केंट काउंटीतल्या सुताराचा मुलगा. पाळक आणि इतर प्रतिष्ठित लोक डोक्यावर केसांचा टोप घालून फिरत; लहानपणी तसा टोपवाला माणूस दिसला की आपण भ्यायचो, असं त्यानं पुढे आत्मचरित्रात लिहिलं. हाच मुलगा 1762 मध्ये इंग्लंडला गेला, तिथे त्याला देवी आल्या, त्यातून तो वाचला आणि दीक्षा घेऊन आला. 1763 मध्ये डिनविडी काउंटीतल्या बाथ पॅरिशच्या व्हेस्ट्रीनं त्याला निवडलं. 1801 मध्ये मरेपर्यंत तो तिथेच राहिला. सुताराच्या घरातला माणूस व्हेस्ट्रीच्या पसंतीनं त्या व्यासपीठावर चढू शकला, हेही त्या पद्धतीच्या जमेच्या बाजूला मांडलं पाहिजे.

आता कायदा पाहू. व्हेस्ट्रीनं पाळकाचं नाव गव्हर्नरकडे पाठवायचं आणि गव्हर्नरनं त्याची रीतसर नेमणूक करायची, अशी व्यवस्था होती. एकदा रीतसर नेमणूक झाली की पाळक जवळजवळ जन्मभराचा. व्हेस्ट्रीला तो मग हलवता येत नसे. ही मेख ओळखून बऱ्याच व्हेस्ट्र्या नाव पाठवायच्याच नाहीत. पाळकाशी वर्षाचा करार करायचा, वर्ष संपलं की पुन्हा वर्षाचा. आपल्याकडे पाडव्याला सालगड्याचा करार होतो ना, तशी या विद्वान माणसाची गत. 1703 मध्ये इंग्लंडचे ॲटर्नी जनरल एडवर्ड नॉर्थी यांनी मत दिलं की व्हेस्ट्रीनं सहा महिन्यांत नाव पाठवलं नाही तर गव्हर्नरला स्वतःच पाळक नेमता येईल. गव्हर्नर निकल्सन यांनी ते मत पॅरिशोपॅरिशी धाडलं. फारसं काही बदललं नाही.

व्हेस्ट्रीची बाजू अगदीच लंगडी नव्हती. दारुडा किंवा आळशी पाळक गळ्यात पडला तर त्याला दूर करणारा बिशप तीन हजार मैलांवर. मग हातात दुसरं काय उरतं? शिवाय कराराची कागदोपत्री मुदत वर्षाची असली तरी पुष्कळ पाळक एकाच ठिकाणी आयुष्यभर राहिले. 1748 च्या कायद्यानं तर व्हेस्ट्रीनं स्वीकारलेल्या पाळकाला, गव्हर्नरची नेमणूक नसली तरी, बरंचसं संरक्षण दिलं.

तरीही माझं मन इथे अडतं. पुढल्या वर्षीची भाकरी ज्यांच्या हातात, त्यांच्या तोंडावर पाळक काय बोलणार? रिचमंड काउंटीतल्या लूननबर्ग पॅरिशमध्ये विल्यम के नावाच्या पाळकानं गर्वावर उपदेश केला. लँडन कार्टर हे तिथले बडे जमीनदार आणि व्हेस्ट्रीतले वजनदार सदस्य. हा रोख आपल्यावरच आहे असं त्यांनी धरलं. प्रकरण इतकं पेटलं की के यांना चर्चची दारं बंद झाली, आणि त्यांना न्यायासाठी वर्षानुवर्षं कोर्टात लढावं लागलं. विषय काय, तर गर्व! बायबल उघडलं की पहिल्यांदा ज्याच्याबद्दल बोलावं लागतं तो.

आपल्या मुंबईत व्हेस्ट्रीऐवजी कंपनी होती. चर्चगेटला ज्या चर्चमुळे नाव मिळालं, ते सेंट थॉमस 1718 च्या नाताळात उघडलं. त्यासाठी झटणारे रिचर्ड कॉब हे ईस्ट इंडिया कंपनीचे चॅपलेन, म्हणजे पगारी नोकर. कंपनीच्या 1698 च्या सनदेत असं कलम होतं की इकडे येणाऱ्या पाळकाला कँटरबरीच्या आर्चबिशपांची किंवा लंडनच्या बिशपांची मान्यता हवी, त्यानं वर्षभरात पोर्तुगीज शिकावी आणि इथली भाषाही शिकायला लागावं. कलम चांगलं होतं. पण पगार कंपनीचा होता. चर्च उभं राहिलं आणि थोड्याच काळात गव्हर्नरांशी बिनसून कॉब यांची नोकरी गेली. मुंबईला स्वतःचा बिशप 1837 मध्ये मिळाला.

पुन्हा व्हर्जिनियात येऊ, कारण पगाराची खरी गोष्ट तिथली आहे. 1696 च्या कायद्यानं पाळकाचा वार्षिक पगार ठरला 16,000 पौंड तंबाखू. पौंड इथे वजनाचे; नाणं नव्हे, तंबाखूच. शिवाय राहायला घर आणि कसायला चर्चची जमीन. तंबाखू सगळीकडे सारखी पिकत नसे. जिथे सुवासिक जातीची, चढ्या भावाची पिकायची त्या पॅरिशकडे पाळकांचा ओढा, आणि हलक्या तंबाखूचे पॅरिश पाळकाविना ताटकळत. पुढे 1758 मध्ये पीक बुडालं, भाव कडाडले, तेव्हा विधानसभेनं पौंडाला दोन पेन्स असा दर बांधून पगार रोखीत द्यायला परवानगी दिली. पाळक चिडले, कोर्टात गेले. जेम्स मोरी यांच्या खटल्यात 1763 मध्ये पाळकांच्या विरुद्ध बाजूचा तरुण वकील पॅट्रिक हेन्री यानं ज्यूरीपुढे असं काही भाषण केलं की मोरींच्या पदरात भरपाई म्हणून एक पेनी पडली. अमेरिकन क्रांतीच्या इतिहासात हा खटला फार गाजवला जातो. मला त्याआधीचा प्रश्न मोठा वाटतो: ही 16,000 पौंड तंबाखू पिकवली कुणी?

कर माणशी होता. सोळा वर्षांवरचे सगळे पुरुष कराच्या मोजणीत धरले जात. गोऱ्या घरातल्या बायका सहसा त्यातून सुटत. काळ्या बायका मात्र मोजल्या जात. गुलामांचा कर मालक भरायचा, आणि ज्या तंबाखूतून भरायचा ती खुडली, वाळवली, पिंपात भरली ती त्याच गुलामांनी. व्हेस्ट्रीच्या वहीत ते डोक्यांच्या आकड्यात आहेत. निवड करणाऱ्यांत त्यांचं नाव कुठेच नाही. तसे लहान गोरे शेतकरीही फारसे नव्हते. 1662 पासून व्हेस्ट्रीतली रिकामी जागा उरलेले सदस्यच भरत असल्यामुळे खुर्च्या त्याच त्या घराण्यांत फिरायच्या.

या दोन गोष्टी एकत्र पाहणारा एक पाळक होऊन गेला, मॉर्गन गॉडविन. ऑक्सफर्डला शिकलेला हा माणूस 1660 च्या दशकात व्हर्जिनियात होता, मग बार्बेडोसला गेला. पाळकांना सालोसाल भाड्यानं ठेवणाऱ्या व्हेस्ट्र्यांवर त्यानं कडक शब्दांत लिहिलं. आणि 1680 मध्ये लंडनला छापलेल्या पुस्तकात त्यानं मांडलं की आफ्रिकन आणि इंडियन (म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवासी) माणसांनाही आत्मा आहे, त्यांना धर्मशिक्षण आणि बाप्तिस्मा मिळालाच पाहिजे. मळेवाल्यांना ते नको होतं. 1667 मध्येच व्हर्जिनियानं कायदा करून टाकला होता की बाप्तिस्मा घेतला म्हणून गुलाम मोकळा होत नाही. तरी धास्ती गेली नव्हती. गॉडविननं गुलामगिरी मोडा असं म्हटलं नाही, ही त्याची मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. पण मालकाच्या मर्जीवर जगणारा पाळक मालकाच्या मजुरांपर्यंत पोचू शकत नाही, हे त्यानं नेमकं पकडलं, आणि त्यासाठी मला तो या साऱ्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा साक्षीदार वाटतो.

1776 मध्ये व्हर्जिनियात पाळकांचा सक्तीचा पगार थांबवण्यात आला. 1784 मध्ये सॅम्युएल सीबरी या अमेरिकन पाळकांना स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला बिशपपद मिळालं, आणि दीक्षेसाठी समुद्र ओलांडायची गरज संपत आली. व्हेस्ट्री राहिली, पाळक निवडायचा तिचा हक्कही राहिला.

पण मला शेवटी तुम्हाला फिलाडेल्फियाला न्यायचंय. ॲबसलम जोन्स 1746 मध्ये डेलावेअरमध्ये गुलाम म्हणून जन्मले. मोकळे झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी काळ्या लोकांची स्वतःची मंडळी उभी केली, आणि 1794 मध्ये सेंट थॉमस हे त्यांचं चर्च उघडलं. अँग्लिकन परंपरेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये जायचं त्यांनी मतानं ठरवलं, पण अटी घालून. आम्हाला एक संघटित मंडळी म्हणून घ्या. आमचा कारभार आमच्याच हातात राहील. आणि आमचा पाळक ॲबसलम जोन्स. बिशप विल्यम व्हाइट यांनी 1795 मध्ये जोन्स यांना पहिली दीक्षा दिली. प्रांतिक चर्चच्या परिषदेत मात्र या मंडळीला प्रतिनिधी पाठवता येणार नाही, असं ठरवण्यात आलं. तो हक्क मिळायला 1860 चं दशक उजाडलं.